झाकण कोणी काढले?



निमंत्रणपत्रिकेवर 'नवे उत्पादन आणि कायदेशीर दायित्व' असा कोरडा विषय छापलेला असूनही आपण एवढ्या संख्येने आलात. याचा अर्थ मी असा लावतो, की समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या वर्कशॉपमध्ये, गॅरेजमध्ये किंवा निदान वहीत एखादी नवी वस्तू आकार घेते आहे. ती बाजारात जाण्याआधी आजचा तासभर उपयोगी पडावा, एवढीच अपेक्षा. वकिलाची फी वाचवण्याची युक्ती मात्र माझ्याकडे मागू नका. तशी युक्ती नाही.

आपल्याकडे नवी वस्तू घडवणाऱ्या माणसाला कायदा म्हटला की पेटंटच आठवते. कल्पना कोणी चोरणार तर नाही ना, या काळजीत त्याची झोप उडालेली असते आणि जवळचे पैसे अर्ज, नकाशे आणि एजंट यांवर खर्च होतात. पण पेटंट देते काय? १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे ते वीस वर्षे इतरांना अडवण्याचा हक्क देते. वस्तू विकायची परवानगी ते देत नाही आणि ती सुरक्षित असल्याचा दाखला तर मुळीच देत नाही. पेटंट कार्यालयातला परीक्षक कल्पना नवी आहे का, तिच्यात बुद्धीची काही झेप आहे का, उद्योगात ती वापरता येईल का, हे पाहतो. त्या यंत्रात कोणाची बोटे जातील का, हे पाहणे त्याचे काम नाही. म्हणजे जगाने तुमचे काय घेऊ नये याचा बंदोबस्त तुम्ही केलात. तुमच्या वस्तूने जगाचे काय बिघडेल, हा हिशेब कोरा राहिला. आज त्या कोऱ्या पानाबद्दल बोलायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दायित्व ज्ञानाच्या मागे जाते. धोका ज्याला ठाऊक होता किंवा ठाऊक असायला हवा होता, आणि तो टाळणे ज्याला सर्वांत सोपे होते, त्याच्याकडे कायदा वळतो. नव्या वस्तूबाबत हा माणूस बहुतेक वेळा एकच असतो: ती घडवणारा. म्हणून त्याची जबाबदारी अपघात झाल्यावर कोर्टात सुरू होत नाही. कागदावर पहिली रेघ ओढली, तिथेच ती सुरू झालेली असते. नंतर चिकटवलेल्या इशाऱ्याने, करारातल्या कलमाने किंवा 'प्रायव्हेट लिमिटेड'च्या पाटीने ती झटकता येत नाही.

हे असे नेहमीच नव्हते. १८४२ सालचा इंग्लंडमधला खटला घ्या. टपालाची घोडागाडी मोडून तिचा चालक जायबंदी झाला. गाडी पुरवणाऱ्याचा करार टपालखात्याशी होता, चालकाशी नव्हता. न्यायालयाने चालकाला रिकाम्या हाताने परत पाठवले. ज्याच्याशी करार, त्याच्यापुरतीच जबाबदारी, असा तो काळ. करार नसलेल्यालाही दावा करू दिला तर दावे करणाऱ्यांची रांग संपणार नाही, ही भीती त्या न्यायाधीशांनी बोलून दाखवली होती. (ही भीती आजही व्यापारी संघटनांच्या निवेदनांत जशीच्या तशी भेटते.) मग १९१६ सालचा न्यूयॉर्कमधला निकाल. ब्यूइक मोटारीच्या चाकाचे लाकडी आरे तुटले आणि मालक जखमी झाला. त्याने गाडी विक्रेत्याकडून घेतली होती, कंपनीकडून नव्हे. शिवाय चाक ब्यूइकने स्वतः बनवलेच नव्हते, दुसऱ्या कारखान्यातून आणले होते. तरी न्यायमूर्ती कार्डोझो यांनी कंपनीला जबाबदार धरले. नीट तपासणी केली असती तर आऱ्यांतला दोष दिसला असता आणि ही तपासणी गिऱ्हाईक करणार नव्हते, हे कंपनीला ठाऊक होते. आज चीनमधून बॅटरी, राजकोटहून कास्टिंग आणि दिल्लीहून मोटर मागवून त्यावर आपले नाव टाकणाऱ्या प्रत्येकाने हा शंभर वर्षांपूर्वीचा निकाल डोक्यात ठेवावा.

मग १९३२ सालचा गोगलगाईचा खटला. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावातल्या एका कॅफेत एका बाईंनी जिंजर बिअर घेतली. बाटली मैत्रिणीने विकत घेतली होती. त्यामुळे या बाईंचा कोणाशी करारच नव्हता. तिच्यातून कुजलेली गोगलगाय निघाली अशी त्यांची तक्रार. गोगलगाय खरोखर होती का, हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही, कारण प्रकरण पुढे तडजोडीत मिटले. पण ब्रिटिश उमरावसभेने तत्त्व सांगून टाकले. आपल्या कृतीने ज्याला इजा होईल हे आधी दिसू शकते, त्याची काळजी घेणे आपल्यावर बंधनकारक आहे, मग करार असो वा नसो. या खटल्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट गोगलगाय नाही, बाटली आहे. बाटलीची काच अपारदर्शक होती. आत काय आहे हे पिणाऱ्याला दिसणे शक्यच नव्हते. भरणाऱ्याला मात्र शक्य होते. तिथून पुढे १९६३ साली कॅलिफोर्नियात न्यायमूर्ती ट्रेनर यांनी आणखी एक पाऊल टाकले. लाकूडकामाच्या एका घरगुती यंत्रातून तुकडा उडून माणसाच्या कपाळावर बसला होता. ट्रेनर म्हणाले, यंत्र सदोष होते आणि त्याने इजा झाली एवढे पुरे. उत्पादकाचा हलगर्जीपणा वेगळा सिद्ध करायची गरज नाही. धोका आधी ओळखणे आणि त्याचा खर्च सर्व गिऱ्हाइकांत वाटून घेणे उत्पादकाला जमते, जखमी माणसाला जमत नाही.

आपल्याकडे हे स्पष्ट शब्दांत यायला २०१९ साल उजाडले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाची तक्रार होती, पण उत्पादन-दायित्व असे वेगळे प्रकरण नव्हते. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते आहे आणि त्यातले कलम ८४ प्रत्येक नवनिर्मात्याने एकदा तरी स्वतः वाचावे. उत्पादकाकडे बोट जाण्याच्या पाच वाटा त्यात आहेत: वस्तू बनवताना राहिलेला दोष, मूळ रचनेतला दोष, ठरवलेल्या मापांपासून फारकत, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणे, आणि वापराच्या सूचना किंवा धोक्याचा इशारा पुरेसा नसणे. हमी देताना आपला हलगर्जीपणा नव्हता, फसवणुकीचा हेतू नव्हता, हे सिद्ध केले तरी सुटका होत नाही, असेही तिथे म्हटले आहे. जाहिरातीत 'कधीच फुटणार नाही' असे लिहिणाऱ्या तरुण मंडळींनी या ओळीखाली रेघ मारावी.

आता पहिला आक्षेप. "मी फक्त डिझाइन केले. बनवतो दुसरा, विकतो तिसरा. मला रॉयल्टी मिळते, बाकी माझा संबंध नाही." ही समजूत आपल्या संशोधक मंडळींत घट्ट आहे, आणि चुकीची आहे. याच कायद्यातली 'उत्पादक' या शब्दाची व्याख्या पाहा. सुटे भाग बनवणारा तिच्यात आहे, दुसऱ्यांचे भाग जोडणारा आहे, दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर आपली खूण उमटवणारा आहे, आणि विक्रीपूर्वी वस्तूची रचना करणाराही आहे. उत्पादकाबरोबर करार करताना 'भरपाईचा बोजा तो उचलेल' असे कलम तुम्ही जरूर घाला. ते तुमच्या दोघांत चालेल. ज्याचा हात गेला त्याने त्या करारावर सही केलेली नाही.

सिद्धान्त पुरे. आता एका वस्तूपाशी थांबू. मी मळणी यंत्र निवडले आहे, कारण भारतात नव्या यंत्राने माणसाचे काय होते, हा धडा आपण सर्वांत आधी आणि सर्वांत महागात याच यंत्राकडून शिकलो. आत वेगाने फिरणारा ड्रम असतो. मजूर कापलेल्या पिकाची पेंढी हाताने तोंडातून आत सारतो. कोरडी पेंढी सहज जाते. ओली किंवा गुंतलेली पेंढी ड्रम एकदम खेचून घेतो आणि ती सोडायला हाताला वेळ मिळत नाही. तोंड आखूड आणि उघडे असेल तर पेंढीमागे हात जातो. हे तोंड हाताच्या लांबीपेक्षा लांब केले आणि त्याचा आतला भाग वरून झाकला, तर पेंढी खेचली गेली तरी बोटे ड्रमपर्यंत पोहोचत नाहीत. खर्च किती? थोडा पत्रा आणि थोडे वेल्डिंग. तरी असंख्य यंत्रे आखूड तोंडाने विकली गेली, कारण आखूड तोंडातून माल लवकर आत जातो आणि यंत्र स्वस्तही पडते. अखेर संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा खास कायदा केला. धोकादायक यंत्र कशाला म्हणायचे, हे सांगताना त्यात पहिले नाव घातले ते शेतीतल्या पॉवर थ्रेशरचे. उत्पादकाला परवाना, यंत्राला ठरावीक मानके आणि जखमीला भरपाई अशी त्याची मांडणी होती. एका यंत्राच्या तोंडाच्या लांबीसाठी देशाच्या संसदेला बसावे लागले, यावरून ती लांबी कागदावर कोणी ठरवायला हवी होती हे उघड आहे.

इथे यंत्र बनवणारे चिडून एक प्रश्न विचारतात आणि तो बिनतोड वाटतो. "आम्ही झाकण दिले होते हो. लोकच काढून ठेवतात!" खरे आहे. कडबा कुट्टीचे घ्या, मळणी यंत्राचे घ्या, पट्ट्यावरच्या जाळीचे घ्या. पहिल्या हंगामातच झाकण सुटून गोठ्याच्या भिंतीला टेकलेले दिसते. म्हणून चूक वापरणाऱ्याची, प्रकरण बंद. पण मग माझा उलट प्रश्न असा, की लोक झाकण का काढतात? हात गमवायची हौस असते म्हणून? ओला कडबा अडकतो, झाकणाला चार नट आहेत, पाना घरात सापडत नाही, वीज रात्रीच्या पाळीत येते आणि ती जायच्या आत काम उरकायचे असते. दर दहा मिनिटांनी चार नट सोडून परत लावणे कोणालाही शक्य नाही, हे यंत्र बनवणाऱ्याला ठाऊक नव्हते का? नसेल, तर त्याने एकही रात्र कोणाच्या गोठ्यात उभे राहून पाहिले नाही. असेल, तर झाकण दिले हा त्याचा बचाव म्हणजे नुसता देखावा ठरतो. झाकण बिजागरीवर बसवता येते. ते उघडताच मोटर बंद पडेल असा स्विच देता येतो. माल अडकला तर रोलर उलटे फिरवणारा दांडा देता येतो. अपेक्षित गैरवापर हा रचनेचाच भाग आहे. त्याचे उत्तर आधी नकाशात द्यायचे, मग माहितीपत्रकात.

कायदा गैरवापराचा बचाव मान्य करत नाही का? करतो, पण शब्द नीट वाचावे लागतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ८७ सांगते, की इजेच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात बदल केलेला असेल तर विक्रेत्यावर दायित्वाचा दावा चालणार नाही. विक्रेत्यावर. उत्पादक स्वतःच विकत असेल तर तो विक्रेत्याच्या व्याख्येत येतो हे खरे. पण ज्याने नुसती रचना दिली, त्याला ही छत्री सहज मिळेल असे धरून चालू नये. शिवाय तक्रार रचनेतल्या दोषाची असेल, तर गैरवापर कशाला म्हणायचे यावरच लढाई होणार. जे शंभरातले नव्वद लोक करणार हे दिसत होते, त्याला गैरवापर म्हणायचे की वापर?

याचे उत्तर रचनेतून कसे देतात, याचा एक देशी नमुना आपल्या बहुतेकांच्या ओट्यावर असतो. प्रेशर कुकरची कल्पना देनी पापँ या फ्रेंच माणसाची, १६७९ सालची, आणि दाब सोडणारा सुरक्षा-व्हॉल्व्हही त्याचाच. पहिल्याच कुकरच्या जनकाला स्फोटाचा विचार करावा लागला होता. आपल्या कुकरच्या झाकणावरचा सुरक्षा-व्हॉल्व्ह ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा असतो. काही दशकांपूर्वी प्रेस्टीजच्या कुकरांचे स्फोट होऊ लागले तेव्हा कारण निघाले ते बनावट सुट्या व्हॉल्व्हचे. मूळ व्हॉल्व्ह एकदा वितळला की लोक बाजारात मिळेल तो स्वस्त व्हॉल्व्ह बसवत आणि तो वेळेवर वितळत नसे. कंपनीला हात झटकता आले असते: अस्सल भाग वापरा, असा इशारा छापून मोकळे व्हायचे. कंपनीचे टी. टी. जगन्नाथन यांनी वेगळा मार्ग काढला. झाकणाच्या कडेला एक फट ठेवली. दाब प्रमाणाबाहेर गेला की रबराची गॅस्केट त्या फटीतून बाहेर ढकलली जाते आणि वाफ निघून जाते, व्हॉल्व्ह खरा असो की खोटा. गिऱ्हाईक चुकीचा भाग बसवणारच, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. फटीला ना वाचता यावे लागते, ना शपथ घ्यावी लागते.

इशारे बिनकामाचे आहेत असे माझे म्हणणे नाही. रचनेने जो धोका घालवता येत नाही त्यासाठी इशारा हवाच आणि तो न देणे हा कलम ८४ खाली स्वतंत्र दोष आहे. पण 'पुरेसा' या शब्दाचा अर्थ काय? आपल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांची माहितीपुस्तिका इंग्रजीत असते, खोक्याबरोबर येते आणि खोक्याबरोबरच भंगारात जाते. यंत्र चालवणारा खोके उघडायला नव्हताच. इशारा यंत्रावर, हात जिथे जातो तिथेच, वापरणाऱ्याच्या भाषेत आणि चित्रात हवा. तेल आणि पाणी लागून पुसला जाणार नाही असा हवा. उघड दिसणाऱ्या धोक्याचा इशारा दिला नाही तर कायदा माफ करतो. सुरी कापते हे सुरीवर छापावे लागत नाही. पण बंद केलेल्या यंत्राचे जड चाक आणखी काही वेळ फिरत राहते आणि पाती त्याच्याबरोबर फिरतात, हे उघड आहे का? आवाज थांबला की माणूस हात घालतो.

आता दुसरा आक्षेप, आणि तो हुशार मंडळी हळू आवाजात घेतात. "ठाऊक असणे हाच गुन्हा असेल, तर ठाऊक करून घेऊच नये. चाचण्या कशाला करायच्या? त्रुटींची नोंद कशाला ठेवायची? उद्या तीच नोंद आमच्याविरुद्ध पुढे येईल." उदाहरण फोर्ड पिंटोचे देतात. मागून धडक बसली की या गाडीची इंधनटाकी फुटे. कंपनीच्या स्वतःच्या धडक-चाचण्यांत हे दिसलेले होते आणि उपायांचा खर्च गाडीमागे काही डॉलरच होता. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने साडेबारा कोटी डॉलरचा दंडात्मक भुर्दंड बसवला. न्यायाधीशांनी तो पस्तीस लाखांवर आणला आणि १९८१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला. तेव्हा कागदच घात करतात, असा धडा काही जण यातून घेतात. मला तो उलटा वाटतो. पिंटोत कंपनीला नडली ती चाचणी नव्हे. चाचणीचा निकाल हातात असताना गाडी तशीच विकणे नडले. आणि चाचणी केलीच नसती तर? मग प्रश्न 'ठाऊक असायला हवे होते का' असा झाला असता. मोटार बनवणाऱ्याने मागून धडक देऊन पाहिली नाही, हे उत्तर कोणत्या न्यायालयात टिकले असते? अज्ञान तेव्हाच बचाव ठरते, जेव्हा ते टाळण्याचा प्रामाणिक प्रयत्न केलेला दिसतो. तो दाखवायला कागदच लागतात: अमुक तारखेला अमुक धोका लक्षात आला, दोन पर्याय तपासले, हा घेतला, तो का सोडला, बदल कोणत्या क्रमांकाच्या यंत्रापासून लागू केला. अशी नोंदवही हा लहान उद्योजकाचा सर्वांत स्वस्त वकील आहे.

काही धोके मात्र कोणालाच ठाऊक नसतात. तेव्हा काय? युरोपने १९८५ च्या निर्देशात याचे उत्तर दिले: वस्तू बाजारात आणली त्या वेळच्या विज्ञानाला दोष उमगणेच शक्य नसेल, तर उत्पादकाला तसा बचाव घेता येतो. आपल्या २०१९ च्या कायद्यात हा बचाव असा स्पष्ट दिलेला नाही. तो असावा, असे माझे मत आहे. पण त्याचा आडोसा किती पातळ असतो, हे थॅलिडोमाइडने दाखवले आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत आलेले हे झोपेचे औषध १९६१ च्या नोव्हेंबरात तिथल्या बाजारातून काढून घेतले, तोवर हजारो बालके अविकसित हातपाय घेऊन जन्माला आली होती. त्याच काळात अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली. विज्ञान दोन्हीकडे एकच होते. एकीकडे प्रश्न विचारला गेला, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला मी अर्धा होकार देणार आहे. "एवढे सगळे करायचे तर लहान माणसाने नवे काही करूच नये. मोठ्या कंपन्या वकील पोसतील. भोसरीतला चार लेथवाला मरेल." दायित्वाचा अतिरेक नवनिर्मिती मारतो, याला पुरावा आहे. अमेरिकेत सेसना कंपनीने दाव्यांचे आणि विम्याचे ओझे असह्य झाल्याचे सांगत १९८६ साली पिस्टन इंजिनाची छोटी विमाने बनवणे थांबवले. तीस-तीस वर्षे जुन्या विमानांच्या अपघातांसाठीही कंपनीला कोर्टात उभे राहावे लागत होते. १९९४ साली तिथल्या संसदेने कायदा करून अशा विमानांबाबत अठरा वर्षांची शेवटची मर्यादा घातली आणि त्यानंतर सेसनाने उत्पादन पुन्हा सुरू केले. आपल्या ग्राहक कायद्यात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पण ते कारण वस्तू विकल्यावर पंचवीस वर्षांनीही घडू शकते, आणि विक्रीच्या दिवसापासून मोजायची अशी शेवटची रेषा तिथे नाही. यंत्रसामग्रीसाठी ती ठरवावी, ही मागणी लघुउद्योजकांच्या संघटनांनी लावून धरायला हवी. दायित्वच नको, या मागणीपेक्षा तिला कितीतरी जास्त नैतिक बळ असेल.

उरलेला अर्धा नकार असा, की लहानपण हा सुटीचा दाखला नाही. उत्तर भारतात पाण्याच्या पंपाचे इंजिन लाकडी गाड्यावर बसवून 'जुगाड' नावाचे वाहन रस्त्यावर आले. नोंदणी नाही, विमा नाही, ब्रेकचे नाव नको. शोधकतेचे कौतुक भरपूर झाले. अपघात झाला की भरपाई कोण देणार, याचे उत्तर मात्र नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले, की जुगाड हे मोटार वाहनच आहे आणि मोटार वाहनाचे नियम त्याला लागू आहेत. गरिबाने गरिबासाठी बनवले, हा मुद्दा तिथे टिकला नाही, आणि टिकूही नये. ज्याच्या अंगावर ते उलटते तोही बहुधा गरीबच असतो.

मग लहान माणसाने करायचे काय? कंपनी स्थापन करावी. व्यवसायाच्या दिवाणी देण्यांपासून घरदार सहसा बाजूला राहते. पण हलगर्जीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तुरुंगात कंपनी जात नाही. उत्पादन-दायित्वाचा विमा घ्यावा. तो आपल्याकडे सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. फक्त पॉलिसी कोणत्या देशांतले दावे धरते हे पाहावे, कारण अमेरिका आणि कॅनडा बहुधा वगळलेले असतात आणि तिथल्या नातलगांमार्फत चार नग पाठवण्याचा मोह आपल्या लोकांना आवरत नाही. धोका लक्षात आल्यावर विमा कंपनीला वेळेत कळवले नाही तर पॉलिसी असूनही हात रिकामे राहू शकतात. हे सारे दुय्यम आहे, म्हणून झटपट सांगितले.

विकल्यावरचे काम मात्र दुय्यम नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह अनेक शहरांत विजेवरच्या स्कूटर पेटल्या. कंपन्यांना हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे मानक कडक केले. त्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना मानकचिन्ह नसलेल्या कुकरांबद्दल दंड केला आणि प्रत्येक खरेदीदाराला कळवून पैसे परत करायला सांगितले. प्रत्येक खरेदीदाराला कळवायचे तर तो कोण, हे ठाऊक असावे लागते. ऑनलाइन कंपनीकडे यादी असते. कडबा कुट्टी विकणाऱ्याकडे असते का? यंत्र दुसऱ्या, तिसऱ्या हाताला जाते, रंग बदलतो, कोणत्या वर्षीची पाती बसवली होती हे कोणालाच सांगता येत नाही. क्रमांकाची पक्की ठोकलेली पट्टी आणि खरेदीदाराचा मोबाइल नंबर एवढ्यावर हे काम भागते. दोष आज कळला आणि तुम्ही गप्प राहिलात, तर उद्याचा अपघात 'ठाऊक नव्हते' या रकान्यात बसणार नाही.

शेवटी चाचणीबद्दल, कारण महाराष्ट्रात तिची सोय आहे आणि उपयोग उलटा होतो. वाहनांसाठी पुण्यात एआरएआय आहे, शेती अवजारांसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तपासणी केंद्र आहे. यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी चाचणी अहवाल लागतो, म्हणून उत्पादक एक नमुना घेऊन जातात. त्या नमुन्याचे तोंड मापात असते, झाकण असते, स्विच असतो. अहवाल हाती आल्यावर तो फ्रेम करून शोरूममध्ये लागतो आणि पुढच्या हंगामात पत्रा महागला म्हणून तोंड दोन इंच आखूड होते. असे करणाऱ्यांनी कलम ८४ मधली तिसरी वाट आठवावी: ठरवलेल्या मापांपासून फारकत. जखमी माणसाच्या वकिलाला मग रचनेचा दोष सिद्ध करायला तज्ज्ञ शोधावा लागणार नाही. त्याने भिंतीवरचा अहवाल मागवायचा, यंत्राच्या तोंडाला टेप लावायची आणि दोन आकडे एकाखाली एक लिहायचे.